ठाणे ते कल्याण, पण कोणत्या सालचं? सिम्युलेटरसाठी रूट बांधतानाचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

सिम्युलेटर म्हणजे संगणकावर गाडी चालवायचा खेळ, आणि रूट म्हणजे त्यात धावायला बांधलेला रेल्वेमार्ग. असा एक रूट बांधणारे आम्ही चौघे होतो. नावं मुद्दाम देत नाही. डोंबिवलीचा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षातला एक मुलगा, ज्याच्या संगणकावर सगळं घडलं. ठाण्याची एक ताई, जी आर्किटेक्टच्या ऑफिसात ड्राफ्टिंग करते आणि रोज लोकलनं जाते-येते. कल्याणला राहणारे मोटरमन काका, २०१३ साली निवृत्त झालेले. आणि मी. माझ्याकडे वेळापत्रक बसवणं आणि नोंदी ठेवणं, म्हणून ही हकीकत मी लिहितो आहे.

२०२१च्या दिवाळीत मुलानं कल्पना मांडली ती सीएसएमटी ते कर्जत आणि सीएसएमटी ते कसारा, दोन्ही. काकांनी चहाचा कप खाली ठेवून हिशेब केला. कल्याण ५४ किलोमीटर, कर्जत १००, कसारा १२१. कल्याणपर्यंतचा भाग सामाईक धरला तरी दीडशेच्या वर जातं. "ह्याच जन्मात ना?" एवढंच त्यांनी विचारलं. मग ठाणे ते कल्याण ठरलं. वीसेक किलोमीटर आणि त्यात काय नाही? खाडी आहे, कारशेड आहे, पारसिकचा डोंगर आणि त्यातला १९१६ सालचा सव्वा किलोमीटरहून लांब बोगदा आहे, वसई आणि पनवेलकडचे फाटे फुटणारं दिवा जंक्शन आहे. शेवटी कल्याणचं सांध्यांचं, म्हणजे गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर जाते त्या जागांचं, जाळं. पहिली गाडी १८५३ मध्ये बोरीबंदरहून ठाण्यापर्यंत आली, पुढच्या वर्षी रूळ कल्याणला पोचले. आम्हीही ठाण्यापासूनच पुढे निघालो, असं ताई म्हणायची.

साधनं फुकटातली. गाडी चालवायला ओपन रेल्स, रूट बांधायला टीएसआरई. दोन्हींची मुळं मायक्रोसॉफ्टच्या २००१ सालच्या ट्रेन सिम्युलेटरमध्ये. जगाचे २०४८ मीटर बाजूचे चौकोनी तुकडे पडतात, आणि प्रत्येक तुकड्यात दर ८ मीटरवर जमिनीची एक उंची. त्या चौकोनांवर रूळ, मग सिग्नल, मग फलाट, मग झाडं-इमारती. निदान क्रम तरी असा असायला हवा. आमचा तसा नव्हता, आणि ते पुढे महागात पडलं.

एक भारतीय अडचण सुरुवातीलाच आली. सिम्युलेटरमधले तयार रूळ १४३५ मिलिमीटर गेजचे (गेज म्हणजे दोन रुळांमधलं अंतर), आपली ब्रॉडगेज १६७६. गाडी रुळाच्या मध्यरेषेवरून धावते, त्यामुळे चालायला काही बिघडत नाही. फक्त चाकं रुळाच्या बाहेर हवेत फिरताना दिसतात. उपाय असा की भूमिती सांगणारी सामाईक फाईल जशीच्या तशी ठेवायची आणि दिसणारे आकार तेवढे रुंद करून बदलायचे. पण हे आकार त्या फोल्डरातल्या सगळ्या रूटना सामाईक असतात. मुलाकडे एक जर्मन रूट होता, तोही एका रात्रीत ब्रॉडगेज झाला. तेव्हापासून आमच्या रूटला वेगळं फोल्डर.

माहिती कशी गोळा केली

पहिला खरा निर्णय इथे घ्यावा लागला. सिग्नल नेमके कुठे आहेत हे उपग्रहाच्या चित्रात दिसत नाही. मुलाचं म्हणणं, कळवा ते मुंब्रा रुळाच्या कडेनं एका रविवारी चालत जाऊ, दुरुस्तीसाठी गाड्या बंद ठेवणारा मेगाब्लॉक असतोच. काकांचा आवाज त्या दिवशी पहिल्यांदा चढला. रेल्वे कायदा १९८९च्या कलम १४७ खाली हा गुन्हा आहे हे त्यांनी सांगितलं, पण ते नंतर. आधी म्हणाले, "ब्लॉक एका लाइनवर असतो रे, बाकीच्या चालू असतात. पट्ट्यात कोण मेलं हे आम्हाला पुढच्या स्टेशनात सांगावं लागायचं." विषय तिथेच संपला.

मग उरला खांबांचा मार्ग. विजेच्या प्रत्येक खांबावर आकडा असतो, वर किलोमीटर आणि खाली त्या किलोमीटरमधला खांबाचा क्रमांक. मुलगा शाळेत असताना २०१७च्या मे महिन्याच्या सुट्टीत वडिलांच्या फोननं खिडकीतून चित्रीकरण करत असे. त्याच्याकडे कित्येक तासांचे व्हिडिओ पडून होते. ताईनं ते फ्रेम-फ्रेम थांबवून खांबाचा आकडा, शेजारी दिसणारा सिग्नल, वेगमर्यादेचा फलक, असा तक्ता भरला. फास्ट गाडीतल्या व्हिडिओत आकडे विरघळून जातात. सगळ्यात स्पष्ट आकडे दिव्याच्या अलीकडचे मिळाले, कारण तिथल्या फाटकापायी लोकल हमखास रखडायची. त्या रखडण्याचा कुणाला उपयोग झाला असेल तर तो आम्हालाच.

जमिनीच्या उंचीसाठी अंतराळयानातून रडारनं केलेल्या मोजणीचे आकडे वापरले, साधारण ३० मीटरला एक. हे रडार जमीन पाहत नाही, वरचा पृष्ठभाग पाहतं. म्हणून खाडीकाठची तिवरं म्हणजे टेकाड झालं, आणि डोंबिवलीच्या इमारतींच्या गच्च्या म्हणजे उंचवटे. पहिल्या फेरीत रूळ जमिनीवर टाकले तेव्हा डोंबिवली फलाटाजवळ लोकल उंटासारखी चालत होती. ताईनं क्रम उलटा केला. आधी रुळाचा चढ-उतार ठरवून रूळ हवेतच टाकायचे आणि मग जमीन त्यांच्यापर्यंत आणायची. ड्राफ्टिंगच्या टेबलावर तिनं हेच काम वर्षानुवर्षं केलं आहे, त्यामुळे तिला ते सुचलं. आम्हा बाकीच्यांना सुचलं नसतं.

(खडी आणि खाडी यांचं रोमन स्पेलिंग एकच होतं. चित्रांच्या फोल्डरात एक फाईल दुसरीवर चढली आणि दोन दिवस ठाण्याची खाडी दगडांनी भरलेली होती. मुंबईत हे अगदीच अशक्य नाही, असं काका म्हणाले.)

अडचण कुठे उघडी पडली

फेब्रुवारी २०२२ मध्ये रेल्वेनं ७२ तासांचा मेगाब्लॉक घेऊन ठाणे ते दिवा पाचवी-सहावी मार्गिका सुरू केली. नव्या रुळांवरून फास्ट लोकल कळवा-मुंब्र्याच्या बाजूनं जाऊ लागल्या, आणि पारसिकच्या बोगद्यातले जुने रूळ लांब पल्ल्याच्या गाड्यांना मिळाले. बातमी वाचून मुलाला स्फुरण चढलं. त्यानंही तीन रात्री जागून त्या मार्गिका टाकल्या आणि लगेच सिग्नलही बसवले. मी नवं वेळापत्रक घेऊन तक्त्यात भरलं. एप्रिलमध्ये चाचणी ठेवली आणि काकांना खुर्चीवर बसवलं.

गाडी ठाण्याहून कल्याण फास्ट. खाडी ओलांडली आणि गाडी बोगद्याकडे न वळता कळव्याच्या बाजूनं निघाली. काकांनी कीबोर्डवरून हात उचलले.

"ही कुठे चालली? बोगदा कुठाय?"

"काका, आता फास्ट इकडूनच जाते."

"आता म्हणजे कधी?"

मुलानं २०२२ म्हटलं. काकांनी मान डोलावली आणि गाडी पुढे नेली. ठाकुर्ली गेली, कल्याणच्या अलीकडे जुना पत्रीपूल आला. तो २०१८ मध्येच पाडला आहे, नवा पूल २०२१ मध्ये सुरू झाला, हे कल्याणच्या माणसाला सांगावं लागत नाही. त्या पुलापायी त्यांनी दोन वर्षं वाहतूक कोंडी सोसली होती. काका काही बोलले नाहीत, नुसतं पडद्याकडे बोट केलं. मग ताईला दिसलं की पारसिकचा डोंगर उन्हाळ्यासारखा करडा आहे आणि पायथ्याची झाडं श्रावणातली हिरवीगार.

त्या संध्याकाळी मी एका कागदावर आमच्या प्रत्येक साधनापुढे त्याची तारीख लिहिली. जमिनीची उंची: फेब्रुवारी २०००, कारण ते रडार तेव्हा एन्डेव्हर यानातून ११ दिवस फिरलं होतं. मुलाचे व्हिडिओ: मे २०१७. उपग्रहाचं चित्र: २०२०च्या आसपास. ताईनं स्टेशनांच्या पुलांवरून काढलेले फोटो: ऑगस्ट २०२१. काकांच्या आठवणी: २०१३ पर्यंत. वेळापत्रक: २०२२. आम्ही बांधत होतो ती जागा होती ठाणे-कल्याणचीच, पण ती अशी कुठल्याच दिवशी अस्तित्वात नव्हती.

कुणी विचारेल, चालवणाऱ्याला काय फरक पडतो? झाडांच्या रंगानं पडत नाही. पण फास्टची वाट कुठली यावर सांधे, सिग्नल, वेळापत्रक आणि फलाट ठरतात. एक बदललं की चारही बदलतात.

पर्याय

पहिला पर्याय म्हणजे आजचं साल धरायचं. नवं वेळापत्रक आणि नव्या मार्गिका होत्याच. अडचण अशी की नव्या रुळांवरचे खांब-आकडे आमच्याकडे नव्हते, व्हिडिओ पुन्हा काढावे लागले असते. शिवाय 'आज' दर सहा महिन्यांनी पुढे सरकतो.

दुसरा पर्याय काकांचा होता, २०१२. वरच्या तारेत डीसी वीज असण्याचा काळ, त्यांनी स्वतः चालवलेल्या गाड्या. मध्य रेल्वेच्या मुख्य मार्गावर १५०० व्होल्ट डीसी जाऊन २५ हजार व्होल्ट एसी विजेचं काम पूर्ण झालं २०१५ मध्ये. त्यांच्याइतका जिवंत साक्षीदार कुणाला मिळतो? पण काकांना सिग्नल 'बोगद्याच्या तोंडाआधी, वळण सुटता सुटता' असा आठवतो, खांबाच्या आकड्यानं आठवत नाही. गाडी चालवायला ते पुरतं. रूट बांधायला पुरत नाही.

तिसरा पर्याय, मे २०१७. व्हिडिओ त्या महिन्याचे. एसी पूर्ण झालेलं, दिव्याला फास्ट थांबू लागलेली, फास्ट बोगद्यातून जाणारी, जुना पत्रीपूल उभा.

चौथा पर्याय मुलाचा: दोन्ही काळ एकाच रूटमध्ये ठेवायचे, नव्या मार्गिकांचे सांधे बंद करून. म्हणजे २०१७च्या गाडीतून २०२२चे रूळ शेजारी रिकामे पडलेले दिसणार. मला हा पर्याय तेव्हा शहाणपणाचा वाटला होता. आज वाटत नाही. दोन तारखांची तडजोड आम्ही नकळत आधीच करून बसलो होतो, हा तिचाच जाणूनबुजून केलेला अवतार होता.

निर्णय मे २०१७चा झाला. कारण एकच: ज्या महिन्याचा पुरावा सगळ्यात जास्त, तो महिना. काकांना आपला काळ सोडावा लागला. ते हसून म्हणाले, "चला, निवृत्तीनंतर एसी रेक शिकतो."

काय केलं

आता नव्या मार्गिका काढायच्या होत्या. इथे आमचा उलटा क्रम अंगाशी आला. सिग्नल, वेगफलक आणि फलाटखुणा रुळाला चिकटलेल्या असतात. आधी त्या काढून मग रूळ काढायचा असतो. मुलानं घाईत सरळ रूळ पुसले. खुणा अनाथ राहिल्या, ट्रॅकच्या नोंदी बिघडल्या आणि रूट उघडेनासा झाला.

जुनी प्रत एकच होती, संक्रांतीच्या सुट्टीत पेन ड्राइव्हवर घेतलेली. बिघडलेल्या फाइली हातानं दुरुस्त करायच्या, की तीन महिने मागे जायचं? मुलगा दुरुस्तीवर अडून बसला. त्या तीन महिन्यांत दिवा ते कल्याणचे सगळे सिग्नल त्यानं एकट्यानं बसवले होते. ताई म्हणाली, दुरुस्त झाली तरी कुठे काय तुटलंय हे आपल्याला कधीच खात्रीनं कळणार नाही. शिवाय संक्रांतीच्या प्रतीत ठाणे-दिवा नव्या मार्गिका मुळातच नव्हत्या. आम्ही मागे गेलो. मुलगा आठवडाभर बोलला नाही. निर्णय बरोबर होता असं मी अजूनही म्हणतो, पण तो सांगण्याची पद्धत चुकली. त्याच्या घरी जाऊन, समोर बसून सांगायला हवं होतं. आम्ही फोनवर तिघांचं मत म्हणून कळवलं.

आणि त्या रागात की उत्साहात कोण जाणे, त्यानं आणखी एक काम केलं. २०१७ मध्ये पाचवी-सहावी नव्हती ना, म्हणून दिवा ते कल्याणचीही काढून टाकली, ह्या वेळी रीतसर सिग्नल आधी काढून. काकांनी पुढच्या भेटीत पाहिलं. "दिव्यापुढे सहा होत्या, बाबा. माझ्या वेळेलाही होत्या. अडलं होतं ते ठाणे-दिवाच." खरं होतं. कुर्ल्याकडून ठाण्यापर्यंत सहा, दिव्यापासून कल्याणपर्यंत सहा, आणि मधला तुकडा चारचा. मेल गाड्या आणि फास्ट लोकल त्या तुकड्यात एकाच जोडीवर येत. त्या चिंचोळ्या जागेमुळेच तर नवा मार्ग लागला. आमच्या रूटमधलं खरं नाट्य तिथेच होतं, आणि बातमीत 'पाचवी-सहावी' वाचून आम्ही ते पुसलं होतं.

सिग्नलचं काम काकांच्या हाताखाली झालं. तयार संच परदेशी पद्धतीचा. आपल्याला लाल, पिवळा, दोन पिवळे आणि हिरवा, असे चार संकेत हवे होते. मुलानं नियमांची फाईल लिहून ते जमवलं. पण काकांना खरा आक्षेप 'ए' पाटीच्या स्वयंचलित सिग्नलवर होता. नियमानुसार असा सिग्नल लाल असेल तर दिवसा १ मिनिट, रात्री २ मिनिटं थांबून, पुढचं दिसेल तेवढ्याच बेतानं गाडी पुढे नेता येते. आमच्या रूटमध्ये मात्र प्रत्येक लाल सिग्नलला कळ दाबून नियंत्रकाची परवानगी मागावी लागे. "ह्या हिशेबानं सकाळची साडेआठची संध्याकाळी पोचेल." शेवटी स्वयंचलित सिग्नलचा सर्वात खालचा संकेत 'थांबा' ऐवजी 'थांबून पुढे जा' असा केला, आणि स्टेशनांच्या होम-स्टार्टर (आत शिरण्याच्या आणि बाहेर सुटण्याच्या) सिग्नलना पक्का 'थांबा' ठेवला. मिनिट मोजणं चालवणाऱ्याच्या प्रामाणिकपणावर सोडलं. काका मनगटावरच्या घड्याळात बघून मोजतात.

वेळापत्रकाचा प्रश्न रद्दीनं सोडवला. लोकलचं खिशात मावणारं छापील वेळापत्रक दरवर्षी कुणीतरी घेतं आणि कुणीतरी टाकतं. ठाण्याच्या एका रद्दीवाल्याकडे ताईला २०१७चं मिळालं, मुखपृष्ठ नसलेलं. त्यातल्या सकाळच्या दोन तासांच्या गाड्या मी भरल्या. पूर्ण दिवस भरायचा नाही हा माझा निर्णय, आणि त्याबद्दल मुलगा अजून मला आळशी म्हणतो.

निकाल

२०२३च्या गणपतीत रूट पूर्ण झाला. पूर्ण म्हणजे आमच्या लेखी पूर्ण. फलाटांवर माणसं नाहीत. सकाळी साडेआठला डोंबिवली रिकामी दिसते, याइतकं खोटं दृश्य मी दुसरं पाहिलेलं नाही. अप्पर कोपरचा, म्हणजे वरून जाणाऱ्या वसई मार्गावरच्या फलाटांचा, जिना कुठेच पोचत नाही. डोंगर सगळीकडे करडा आहे, कारण मे. ताईचे ऑगस्टमधले हिरवे फोटो वापरता आले नाहीत. सीएसएमटी हे नाव २०१७च्या मध्यावर आलं, म्हणून इंडिकेटरवर सीएसटी ठेवलं. त्याबद्दल दोघांनी 'चूक आहे' म्हणून आम्हाला कळवलं.

बोगदा मात्र जमला. डोंगराला भोक पाडताना ८ मीटरच्या जाळीमुळे कडा वेड्यावाकड्या दिसतात, त्या झाकायला ताईनं दगडी तोंड स्वतः रेखाटलं. आत शिरल्यावर आवाज बदलतो. पहिल्यांदा बोगद्यातून गाडी नेली तेव्हा काकांनी आत शिरण्याआधी हॉर्न दिला. आम्ही कुणी सांगितलं नव्हतं.

पुन्हा करायचं तर

पहिल्या दिवशी तारखांचा तो कागद करायचा. आमचा सहाव्या महिन्यात झाला. ताईचं म्हणणं आहे की तेवढ्यानं निम्मं काम वाचलं असतं. मुलाचं म्हणणं वेगळं आहे: चुकीचा रूट बांधल्याशिवाय आपल्याकडे नेमकं कोणत्या महिन्याचं काय आहे हे कळलंच नसतं. मला दोघांचंही अर्धं पटतं. पण उपग्रहाच्या चित्राची तारीख पाहायला पाच मिनिटं लागतात, आणि ती आम्ही पाहिली नव्हती, हे नाकारता येत नाही.

काकांना चाचणीला बोलावलं ही मोठी चूक. त्यांना नकाशाच्या टप्प्यावर बोलवायला हवं होतं, रूळ टाकण्याआधी. ते दिसणाऱ्या वस्तू सांगत नाहीत, वापर सांगतात: कुठे वेग कमी होतो, कुठला सांधा रोज लागतो आणि कुठला वर्षातून एकदा. कल्याणला आम्ही टाकलेल्या सांध्यांपैकी कितीतरी आमच्या दोन तासांत एकदाही वापरले जात नाहीत. तिथे महिना गेला होता.

प्रत दर रविवारी, दोन ठिकाणी. सिग्नल सगळ्यात शेवटी. फाइलींची नावं लिहिताना खडीला खडी आणि खाडीला क्रीक.

२०२२ची वेगळी प्रत सुरू करून ठेवली आहे. तिच्यात खाडीपलीकडचे नवे सांधे तेवढे टाकले आहेत आणि मुलगा आता पुण्याला नोकरीला आहे. काकांना त्या प्रतीत रस नाही. ते दर रविवारी दुपारी ठाण्याहून मे २०१७ची बदलापूर फास्ट घेतात. आमच्या जगात कल्याणपुढे रूळ नाहीत, म्हणून फलाटाला लावून ते ब्रेक बांधतात आणि बदलापूरचे लोक तिथेच उतरतात असं धरून चालतात.